चेलो कॉन्चेर्टोत ट्रॉम्बोन हवेतच कशाला?

मंद्रसप्तक:
सोलो चेलो (व्हायोलिनचा खर्जातला मोठा भाऊ) आणि ऑर्केस्ट्रासाठी कॉन्चेर्टो (एक वाद्य पुढे, बाकी ऑर्केस्ट्रा सोबतीला अशी रचना) लिहायचा तर पितळी वाद्यांना (ट्रॉम्बोन, ट्युबा, हॉर्न, ट्रम्पेट) आधी कात्री लावा, असं माझं स्पष्ट मत. व्हायोलिन वरच्या सुरांच्या जोरावर सगळ्यांच्या डोक्यावरून निघून जातं. चेलोचं गाणं जिथे फुलतं, नेमकं तिथेच बासून, हॉर्न आणि व्हायोला ठाण मांडून बसलेले. वाजवणाऱ्याने कितीही जोर लावला तरी चेलो दबतोच. रशियन संगीतकार शोस्ताकोविचच्या १९५९ च्या पहिल्या चेलो कॉन्चेर्टोत पितळी वाद्य एकच आहे, हॉर्न. एवढ्यावर काम भागतं ना?

तिहाईवाला:
साफ असहमत. मग चेक संगीतकार द्वोर्झाकच्या बी मायनर चेलो कॉन्चेर्टोचं काय करायचं? तीन ट्रॉम्बोन, वर ट्युबा! तोही आधी चेलोला सोलो वाद्य मानायला तयार नव्हता. पण १८९४ साली न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर हर्बर्टचा दुसरा चेलो कॉन्चेर्टो ऐकला, त्यातही तीन ट्रॉम्बोन होते, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात गडी स्वतः लिहायला बसला. प्रश्न वाद्यं किती हा नाहीच, ती कधी वाजतात हा आहे. पहिल्या भागात ऑर्केस्ट्रा आधी पोटभर बोलून घेतो. चेलो आला की पसारा आवरला जातो. पुढे एका ठिकाणी तर सुरावट मुख्यतः चेलो आणि एकट्या बासरीत चालते. तिथे ट्रॉम्बोनवाले हात बांधून बसलेले असतात, कुणाला त्रास नाही.

मंद्रसप्तक:
द्वोर्झाकला जमलं म्हणून सगळ्यांना जमेल? नवशिक्याने आदर्श ठेवावा तो इंग्लिश संगीतकार एल्गारचा. १९१९ चा तो ई मायनर चेलो कॉन्चेर्टो ऐका, किती विरळ पोत आहे.

तिहाईवाला:
एल्गारची वाद्ययादी वाचलीत का? तिथेही तीन ट्रॉम्बोन आणि ट्युबा आहेत :)

मंद्रसप्तक:
आहेत, पण वाजतात किती? बराच वेळ गप्पच. त्यांच्याशिवायही त्या कॉन्चेर्टोतला विषाद तसाच उतरला असता, असं मला अजूनही वाटतं.

खर्जातला सा:
दोघंही एकच गृहीत धरून भांडताय: चेलो दबला की लिहिणारा हरला. पोलिश संगीतकार लुतोस्वाव्स्कीने १९७० च्या चेलो कॉन्चेर्टोत नेमकं उलट केलं. सुरुवातीला चेलो कितीतरी वेळ एकटाच, निर्विकारपणे एकच सूर परत परत वाजवतो. मग ट्रम्पेट मध्येच घुसून त्याला तोडतात. तिथे पितळी वाद्यं शत्रूपक्षात आहेत. ती काढली तर भांडायचं कुणाशी?

आणि काडेन्झाचा (ऑर्केस्ट्रा थांबतो आणि सोलो वादक एकट्याने कसब दाखवतो तो भाग) विषय कुणीच काढला नाही, आश्चर्य आहे. हानुश विहान या चेलोवादकाला द्वोर्झाकच्या कॉन्चेर्टोच्या शेवटच्या भागात काडेन्झा हवा होता, त्याने तो लिहूनही दिला. द्वोर्झाकने ठाम नकार दिला आणि प्रकाशकालाही तसं बजावलं. कारण मे १८९५ मध्ये त्याची मेहुणी योसेफिना वारली. तिच्या आवडीच्या, त्याच्याच एका गाण्याची आठवण दुसऱ्या भागात आधीच होती. आता ती शेवटातही आली आणि समारोप नव्याने लिहिला गेला. तिथे बोटांची करामत कशी चालेल? उलट शोस्ताकोविचने काडेन्झाला अख्खा स्वतंत्र भाग दिला.

तिहाईवाला:
लुतोस्वाव्स्की मान्य. पण द्वोर्झाकच्या त्या नव्या समारोपात चेलो विझत गेल्यावर शेवटचा शब्द अख्ख्या ऑर्केस्ट्राचाच आहे, ट्रॉम्बोनसकट. मंद्रसप्तक, तो एका हॉर्नवर वाजवून दाखवा.

मंद्रसप्तक:
एका नाही, पण द्वोर्झाकच्याच यादीतल्या तीन हॉर्नवर नक्की भागेल. ट्युबा तरी काढाच.