मदत हवी आहे: सी मध्ये सिग्नलचं नाव वाचता येईल असं स्टँडर्ड एररवर कसं छापू?

नमस्कार मंडळी,

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचा सी मध्ये लिहिलेला प्रोग्राम मी सांभाळतो, लिनक्सवर चालतो. मुख्य प्रोसेस प्रत्येक वजनकाट्यासाठी फोर्क करून (स्वतःची प्रत काढून) एक चाइल्ड प्रोसेस सुरू करते, ती सीरियल पोर्टवरून वजन वाचते. हळदीचे सौदे ऐन रंगात असताना एखादी चाइल्ड सिग्नल (प्रोसेसला मिळणारा इशारा) येऊन मरते आणि लॉगमध्ये एवढंच येतं:

काटा २ बंद, सिग्नल ११

दिवाणजी फोनवर आकडा वाचून दाखवतात. त्यांना बिचाऱ्यांना त्यातून काय कळणार? ११ असेल तर कोडमध्येच गडबड आहे. ९ असेल तर बाहेरून कुणीतरी मारलंय, मेमरी संपली की कर्नलसुद्धा (लिनक्सचा गाभा) हाच पाठवतं. हा फरक लॉग बघताक्षणी कळायला हवा.

प्रत्येक आकड्याला मजकूर देणारा लांबलचक स्विच मला नकोय, कारण काही सिग्नलचे आकडे प्रोसेसरनुसार बदलतात. जुन्या कोडमध्ये सिस-सिगलिस्ट (सिग्नलच्या नावांची तयार यादी) वापरलंय, पण लिनक्सची सी लायब्ररी जीलिबसी, तिच्या २.३२ पासून ते काढून टाकल्यामुळे नव्या मशीनवर कंपाइल होत नाही. सिग्नलचं नाव स्टँडर्ड एररवर छापणारं पीसिग्नल थेट चाइल्डच्या सिग्नल हँडलरमध्ये (सिग्नल आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) बोलावलं तर चालेल का? आणि काट्याचा नंबर त्यात कसा घालू?

प्रतिसाद १
हँडलरमध्ये नको. तिथं बोलवायला सुरक्षित अशा फंक्शनांची पोझिक्स या स्टँडर्डची यादी आहे, तिच्यात राइट आहे, पीसिग्नल आणि प्रिंटएफ नाहीत. मेमरी देणाऱ्या मॅलॉकच्या आतच फॉल्ट झाला तर चाइल्ड लॉकवर अडकून बसू शकते, मग मरणारही नाही.

मुख्य प्रोसेस जिवंत आहे ना, मग तिलाच छापू द्या. चाइल्ड संपायची वाट बघणारं वेटपिड परतलं की ती सिग्नलने मेली का ते डब्ल्यूइफसिग्नल्डने तपासा, डब्ल्यूटर्मसिगने आकडा काढा. एसएनप्रिंटएफने बफरमध्ये "काटा २" तयार करा आणि पीसिग्नलला आधी आकडा, मग बफर द्या. कोलन, स्पेस आणि शेवटची नवी ओळ ते स्वतः घालतं, तुम्ही घालू नका. त्याच ओळीत वेळही हवी असेल तर स्ट्रसिग्नल घ्या, ते नुसता मजकूर परत देतं, एफप्रिंटएफने हवा तसा छापा.

धागाकर्ता
मनापासून आभार! आता "काटा २: सेगमेंटेशन फॉल्ट" असं स्वच्छ येतंय. ९ आला तर तो कुणी पाठवला हे पीसिगइन्फो (सिग्नलची जास्त माहिती छापणारं फंक्शन) सांगेल का?

प्रतिसाद १
नाही. पीसिगइन्फोला लागणारी माहिती हँडलरकडे येते आणि ९ पकडताच येत नाही. त्या वेळेचा डीमेसेज (कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड) बघा, मेमरीपायी कर्नलने मारलं असेल तर तिथं नोंद सापडेल.