जिऑलॉजी घेऊ का? घरचे म्हणतात दगड फोडणार काय

पंचगंगेकाठचा: बीएस्सीला जिऑलॉजी घ्यायचा विचार आहे, पप्पांना वाटतं पुढं नोकरीच नाही. कोण केलंय का?

जांभा_दगड: भावा घे की. पण एक लक्षात ठेव, नुसत्या बीएस्सीवर फार काही हाताला लागत नाही, एमएस्सी पाहिजेच, आयआयटीत करायची तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मग यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा, त्यातनं जीएसआयमध्ये, म्हणजे सरकारच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात, जिऑलॉजिस्ट नायतर केंद्रीय भूजल मंडळात सायंटिस्ट, दोन्ही क्लास वन पोस्ट. पप्पांना हेच सांग, जीएसआय 1851 पासून आहे, कुठं पळून जात नाही.

चंदगडकर: खाणीपण आहेत की आपल्याकडं, राधानगरी, शाहूवाडी, चंदगड, सगळीकडं जांभ्यात बॉक्साइट, ॲल्युमिनियमचं खनिज. पगार बरा, पण धूळ, ऊन आणि रानात राहायची तयारी पाहिजे. पावसात फिल्डवर्कचं नाव नको, जळवा.

मावशी_कराडची: कोयनेजवळ 3 किलोमीटर खोल बोअर मारलंय, भूकंप कसे होतात ते बघायला, त्यासाठी कराडात लॅब आहे. संशोधनाची आवड असेल तर हे बघ बाळा, आणि फिजिक्स-गणित सोडू नकोस, जिओफिजिक्सला, म्हणजे पृथ्वीच्या भौतिकशास्त्राला, लागतं.

पंचगंगेकाठचा: जॅमला गणित कितपत लागतं ओ मावशी?

मावशी_कराडची: जिऑलॉजीच्या पेपरला फार नाही. जिओफिजिक्सचं वेगळं.

जांभा_दगड: पेपर डाऊनलोड करून सोडव, आपोआप कळंल. आणि जोतिबाच्या डोंगराला जाशील तेव्हा नुसता गुलाल बघू नको, बेसाल्टचे थर बघ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे तो.