नाव एकाचं, अंग दुसऱ्याचं: हा रिबिल्ट व्हॅक्यूम क्लीनर ओळखायचा कसा?

पितळी_स्क्रू:
मावशीच्या माळ्यावरून एक उभा व्हॅक्यूम क्लीनर माझ्याकडे आलाय. चांगलाच जड, अंग ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं, वर निळसर रंग. पिशवीवर जे नाव छापलंय ते मला कुठल्याच जुन्या कंपनीचं म्हणून सापडत नाही. मोटरच्या मागे रिव्हेटची दोन भोकं आहेत, पण माहितीची प्लेट गायब. एका कडेला रंगाचा टवका उडालाय, खाली पॉलिश केलेला धातू दिसतो. वायर वाकवली की वरचं रबर तुकड्या-तुकड्यांनी गळतं, म्हणून प्लग लावलेला नाही. हा नेमका कोणाचा? रंग खरवडून मूळ रूपात आणावा का? मावशीने तो 20-25 वर्षं वापरला. मला त्याचा आवाज पुन्हा ऐकायचाय.

गुंडाळी:
प्लग लावला नाहीत, फार चांगलं केलंत. रंगालाही अजून हात लावू नका.

हे रिबिल्ट मशीन दिसतंय. अमेरिकेत जुनी मशीन घ्यायची, खोलून दुरुस्त करायची आणि नवी पिशवी, नवी वायर, नवा रंग देऊन स्वतःच्या लेबलखाली विकायची, असा धंदा करणारे बरेच होते. 1942 मध्ये युद्धामुळे तिथे घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचं उत्पादनच थांबलं, तेव्हा जुन्यावरच भागवावं लागलं. त्यामुळे पिशवीवरचं नाव सोडून द्या. अंग कोणी नव्याने ओतत बसत नाही, खरी ओळख तिथेच असते.

मशीन उलटं करून खालची प्लेट आणि गालिचा झाडणारा ब्रशचा फिरता रोल काढा. आत रंग सहसा पोचत नाही. ओतकामातच उठलेले आकडे असतील तर तिरप्या उजेडात दिसतील. रोलवर ब्रशच्या ओळींसोबत धातूच्या पट्ट्या आहेत का पाहा. असतील तर आधी हूव्हर या अमेरिकन कंपनीचा धरून चाला, 1926 च्या मॉडेल 700 मध्ये त्यांनी त्या आणल्या. मात्र रोल दुसऱ्याच मशीनचा असू शकतो, म्हणून आकडे जुळल्याशिवाय नक्की म्हणू नका. मोटरवरचं झाकण अंगठ्याने जोरात घासा आणि लगेच वास घ्या. कार्बोलिकसारखा आला तर बेकलाइट, म्हणजे जुन्या काळचं कडक प्लास्टिक. हेन्री ड्रेफसच्या डिझाइनच्या, हूव्हरच्याच 1936 च्या मॉडेल 150 ला तसं झाकण होतं.

पितळी_स्क्रू:
पट्ट्या आहेत! झाकण धातूचं. मोटर उभी, पंखा खाली, आणि त्याच्या एका पात्याचा कोपरा तुटलाय. आकडे काळ्या थराखाली आहेत, रॉकेलने पुसतोय.

जुनी_चकाकी:
माझं मत, रंग काढाच. खालचं पॉलिश सुरेख असतं.

गुंडाळी:
मला ते पटत नाही. रंगाखाली खड्डे आणि भरलेली लुगदी निघालेली मी पाहिली आहे. आणि मावशीने वापरला तो निळाच. आधी सगळीकडून फोटो काढा, मग ठरवा.

पात्याकडे मात्र लक्ष द्या. या रचनेत धूळ, खिळे, नाणी सगळं पंख्यातूनच जातं. तुटलेल्या पात्याने तोल जातो आणि बेअरिंग खलास होतं. चिकटवू नका, पंखाच बदला.

मग कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे घासते तुकडे. एका रिबिल्टमध्ये मला दोन बाजूंना दोन जातीचे कार्बन मिळाले, एक कानशीने घासून कसाबसा बसवलेला. कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कम्युटेटरवर एका बाजूला खोल चर पडला होता. जोडी एकाच जातीची घाला. कम्युटेटरला एमरी पेपर लावू नका, त्याचे कण वीज वाहू शकतात. बारीक काचपेपर वापरा. कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक वर आलाय का ते नखाने चाचपा. नवी वायर घातल्यावर 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) मोटरच्या तारांची गुंडाळी आणि अंग यांच्यामध्ये तपासा.

प्लेट नाही म्हणजे व्होल्टेजही ठाऊक नाही. अमेरिकन मोटर 110-120 ची असण्याची शक्यता मोठी, 230 वर ती जळेल. व्हेरिअ‍ॅकवर (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) 40 व्होल्टपासून हळूहळू चढवा, 110 च्या पुढे जाऊ नका.

पितळी_स्क्रू:
मोटरवरून रोल फिरवणारा पट्टा चढवून पाहिला, पण हाताने शाफ्ट फिरवला की रोल उलटा जातो.

गुंडाळी:
पीळ उलटा पडलाय. शाफ्ट उभा, रोल आडवा, म्हणून पट्ट्याला पाव वेढा लागतो. उलट दिशेने वळवून घाला. जमिनीला टेकलेली रोलची बाजू पुढून मागे जायला हवी. बरोबर बसला की मशीन गालिच्यावर स्वतःहून पुढे ओढ घेतं.