सातवा महिना संपत आलाय, पुण्याहून चाळीसगावला कारने जाऊ की रेल्वेने?

चाळीसगावची_लेक:
पहिलंच बाळंतपण आहे, 30वा आठवडा चालू. बीपी शुगर नॉर्मल, डॉक्टर म्हणाल्या माहेरी जायचं तर आत्ताच जा, अजून उशीर नको. नवरा म्हणतो आपल्या कारने जाऊ, संभाजीनगरवरून कन्नडचा घाट उतरायचा, आणि मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन तर माहितीच आहे. सासूबाईंचं वेगळंच, बेल्ट लावू नको, 'पट्टा पोटले आवळस'. आई म्हणते रेल्वेनेच ये. डोकं बंद पडलंय, कोणी केलाय का असा प्रवास?

पाचोरेवाली:
मी केलाय, 31व्या आठवड्यात, कारनेच. वाटेत बाथरूम धड मिळेल की नाही या धाकाने सकाळपासून पाणीच प्यायले नाही, दोन घोट फक्त. घाटाच्या अलीकडे पोट दगडासारखं कडक व्हायला लागलं, सुटायचं, परत दहा मिनिटांनी तेच, नवऱ्याचं तोंड पांढरं पडलेलं. कन्नडला दवाखान्यात शिरलो, त्यांनी तपासून सलाईन लावलं, तासाभरात थांबलं, म्हणे अंगात पाणीच नाही तुमच्या. तर माय, पाणी पी, बाथरूम कसंही असो. आणि दर दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चाल, नुसतं बसून पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती असते.

धुळ्याची_सिस्टर:
ताई, बेल्ट लावायचाच, पण नीट. खालचा पट्टा पोटाच्या खालून, कमरेच्या हाडांवर टेकेल असा, वरचा छातीच्या मधून पोटाच्या बाजूने. पोटावरून आडवा गेला तर सासूबाई म्हणतात ते खरंच आहे. फाइल (सोनोग्राफी, रक्तगट, चालू गोळ्या) हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नको. रक्त किंवा पाणी गेलं, डोकं खूप ठणकलं, डोळ्यापुढे अंधारी आली, बाळ नेहमीसारखं हलेना, एकच पाय सुजला, तर घरी पोचू मग बघू असं करू नका, 108 लावा. आणि ओझं उचलू नका, सामान दुसऱ्याला द्या.

भुसावळकर_भाऊ:
वहिनी, रेल्वेने या. डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन मिस्टरांना काउंटरवर पाठवा, गरोदर बायांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो. महाराष्ट्र एक्सप्रेसने रात्री पुण्यात बसलं की सकाळी चाळीसगाव, उन्हाचा विषयच नाही. फक्त चाळीसगावला गाडी जास्त थांबत नाही, आधीच उठून दाराजवळ या, पण गाडी पूर्ण थांबल्याशिवाय उतरू नका, आमच्याकडे लोकं उतरायच्या आधी चढतात.

चाळीसगावची_लेक:
सगळ्यांना थँक्यू, रेल्वेचंच ठरलं, खालचा बर्थ मिळाला. स्टेशनपासून गावापर्यंत भाऊ कार आणणारे, म्हणून काल सासूबाईंना आमच्या गाडीत बसून बेल्ट लावून दाखवला, तर म्हणतात मग असा लाव ना, आधी कोणी सांगितलं होतं का! आता त्यांनी चार किलो लाडवांचा डबा भरलाय, सिस्टरताई, तो नवऱ्याच्या हातात दिलाय.