निवट्या अंडी कधी घालतात? खाडीच्या जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

उरणकडच्या आमच्या खाडीत निवट्या (चिखलावर उड्या मारणारे, बिळात राहणारे मासे) पकडायला आता बाहेरगावची माणसंही येऊ लागली आहेत. ओहोटीला चिखल उघडा पडला की कोपरापर्यंत बिळात हात घालायचा आणि मिळेल ती काढायची, हे बारा महिने चालू असतं. गावातल्या काही जणांशी बोलणं झालंय. अंडी असतील तेवढे महिने बिळांना हात लावायचा नाही, असं आपसात ठरवायची त्यांची तयारी आहे. पण ते महिने कोणते?

आमच्याकडे दोन प्रकार दिसतात. एक मोठी, अंगावर निळसर ठिपके असलेली, पाण्याकडच्या मऊ चिखलावर राहणारी. माझ्या मते हिचं शास्त्रीय नाव बोलिओफ्थाल्मस डसुमिएरी. चिखलाला तोंड टेकवून डोकं डावी-उजवीकडे फिरवत ती वरचा डायटमचा (सूक्ष्म शेवाळाचा) थर खरवडून खाते. मागे विळ्यासारखे वाकडे ओरखडे राहतात. वाकून पाहिलं तर त्यांत दातांच्या बारीक रेघाही दिसतात. दुसरी लहान, तपकिरी, तिवरांच्या मुळांवर चढून बसणारी, किडे आणि बारक्या चिंबोऱ्या खाणारी. ती पेरिओफ्थाल्मस असावी. बाजारात जाते ती पहिली, म्हणून काळजी तिचीच जास्त.

नर पाठीवरचे पर उभारून उड्या मारतात, तो काळ जोडीचा धरावा का? हद्दीवरून भांडतानाही ते पर उभारतातच, त्यामुळे नुसत्या तेवढ्यावर महिना ठरवणं मला पटत नाही.

घाई एवढ्यासाठी की अंडी बिळातच असतात. आत खोल कप्प्यात, छताला चिकटवलेली. खालच्या पाण्यात प्राणवायू फारच कमी, म्हणून जपानमधल्या एका जातीचा नर तोंडात हवा भरून त्या कप्प्यात नेऊन सोडतो. आपल्याकडच्या निवट्याही असं करत असतील तर बीळ मोडलं की नर पळाला तरी अंडी गुदमरणारच.

ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला. तिथल्या चिखलावर अभ्यास करणारं कोणी इथे असेल तर कृपया लिहा. आणि आगरी-कोळी मंडळींनो, घरात मासळी साफ करणाऱ्या आई-आजीला एवढं विचाराल का, की निवटीच्या पोटात गाबोळी (अंडी) कोणत्या महिन्यांत सापडते? खाडीचं नाव, महिना आणि मासा साधारण केवढा होता, एवढं कळलं तरी पुरे. पावसाळ्याआधी गावात बैठक घ्यायची आहे, तिथे हीच माहिती मांडेन.