ॲम्पसाठी घरीच शिल्डेड पॉवर कॉर्ड बनवतोय, शिल्ड नक्की कुठे जोडू?

सिडकोचा_सूर:
नमस्कार मंडळी, नाशिकच्या सिडकोत जुनं रो हाऊस आहे, हॉलमध्ये एकाच रॅकवर स्टिरिओ ॲम्प, टर्नटेबल आणि टीव्हीचा सेटटॉप बॉक्स. दिवसा गाड्यांच्या आवाजात काही कळत नाही पण रात्री गल्ली शांत झाली की स्पीकरमधून घुंऽऽ असं चालू. ऑनलाइन शिल्डेड कॉर्डच्या किमती बघून डोळे पांढरे झाले म्हणून म्हटलं घरीच बनवू. एमजी रोडला एका दुकानात शिल्डेड थ्री कोर (वर जाळी आणि आत तीन तारा असलेली वायर) मागितली तर त्याने आर्मर्ड काढली, ती जमिनीत गाडतात ती, हाताने वाकेना पण. शेवटी एका मित्राच्या कंपनीतून दीड एमएमची जाळीवाली मिळाली ३ मीटर. आता प्रश्न असा की जाळी दोन्ही टोकांना अर्थला जोडायची का एकाच? आणि आवाज जाईल ना नक्की?

अंबड_पॅनलवाला:
आम्ही रोज मोटरच्या ड्राइव्हच्या पॅनलमध्ये हीच वायर वापरतो त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. घरच्या कॉर्डला जाळी फक्त थ्रीपिन टॉपच्या बाजूला अर्थ पिनला जोड. ॲम्पच्या बाजूला जाळी आणि आतली चांदी (पातळ फॉइल) दोन्ही कापून वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढव, एक केसाएवढी तार जरी फेजच्या स्क्रूपर्यंत गेली तरी भडका होईल. आणि जाळीलाच अर्थ समजू नको, हिरवी-पिवळी वायर दोन्हीकडे वेगळी जोडलेलीच पाहिजे. टॉपमध्ये ती बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेव म्हणजे कॉर्ड ओढली गेली तर अर्थ सगळ्यात शेवटी सुटेल. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकांना सोल्डर लावू नको, सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू ढिला पडतो आणि मग तिथे गरम होतं. टोकाला लग (धातूची टोपी) दाबून क्रिंप कर. दीड एमएम भरपूर झाली, तुझा ॲम्प ३०० वॅट खातो असं धरलं तरी २३० व्होल्टला सव्वा-दीड अँपिअर होतात, अडीचची जाड वायर कनेक्टरच्या हुडात घुसवताना उगाच रडशील.

आता कडू भाग. तांब्याच्या जाळीने ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला जवळपास काही फरक पडत नाही, त्याला आतल्या वायरींचा पीळच कामाचा. जाळी अडवते ते इलेक्ट्रिक फील्ड आणि वरच्या फ्रिक्वेन्सीचा कचरा. तुझी घुंऽऽ या कॉर्डने जाईल असं मला तरी वाटत नाही.

बेस_भाऊ:
एवढं कशाला, थ्रीपिनची अर्थ पिन काढून टाक. माझा हम एका मिनिटात गेला 😎

अंबड_पॅनलवाला:
भाऊ असलं ज्ञान वाटू नका. ॲम्पच्या आत फेज बॉडीला टेकली तर बॉडी २३० वर येणार आणि हात लावणारा घरातलाच कुणीतरी असणार. पिन परत बसवा आज.

पंचवटीचे_काका:
वायरमनकी करून रिटायर झालो, आता फक्त रेकॉर्डी ऐकतो. सिडकोवाल्या बाळा, पॅनलवाले बरोबर बोलतायत, आधी रोग शोध मग औषध. ॲम्पला जोडलेल्या सगळ्या वायरी काढ आणि नुसता ॲम्प चालू कर. आवाज गेला? मग एकेक लाव, जी लावल्यावर येईल ती चोर. माझा संशय केबल टीव्हीच्या वायरीवर, तिची जाळी बाहेर कुठेतरी वेगळ्या अर्थला लागलेली असते, तुझ्या ॲम्पची तुझ्या घरच्या अर्थला, दोघांमध्ये फरक पडला की करंट तुझ्या ऑडिओच्या वायरीतून फिरतो. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेजही बघ, लोड चालू ठेवून, दोन-तीनच्या वर दाखवला तर अर्थिंग बघून घे. जुन्या घरांत मीठ-कोळशाचा खड्डा असतो, उन्हाळ्यात तो ठणठणीत कोरडा पडतो आणि पाणी घालायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही.

कॉर्ड बनवलीस तर लावायच्या आधी मीटरने तिन्ही पिना एकास एक तपास, आपसात शॉर्ट नाही ना तेही. पहिल्यांदा ॲम्पला नाही, सिरीज बल्बवर लाव, म्हणजे लाइनमध्ये ओळीने बल्ब टाकून, शॉर्ट असला तर नुसता बल्ब पेटेल.

सिडकोचा_सूर:
काका, पाय कुठे आहेत तुमचे! रविवारी बसलो. सगळं काढलं तर ॲम्प एकदम गप. टर्नटेबल लावलं, अगदी बारीक. सेटटॉप बॉक्सची लाल-पांढरी ऑडिओ वायर लावली की घुंऽऽ हजर, आणि भिंतीतून येणारी केबलची वायर बॉक्समधून उपसली की बंद! तीनदा करून बघितलं, बायकोला पण बोलावून दाखवलं. न्यूट्रल-अर्थ मीटरवर १.४ आला. टर्नटेबलचं बारीक राहिलेलं म्हणजे माझाच शहाणपणा, नीटनेटकं दिसावं म्हणून त्याची वायर पॉवरच्या वायरींबरोबर झिपटायने बांधून टाकली होती. सोडवून लांब घेतली, जिथे ओलांडावीच लागते तिथे आडवी क्रॉस केली, आता व्हॉल्यूमचा नॉब घड्याळातल्या दोनच्या जागेपर्यंत नेल्याशिवाय ऐकू येत नाही.

कॉर्ड तरीही बनवली, वायर आणलीच होती. सिरीज बल्बवर पास. आवाजात फरक शून्य, दिसायला मात्र भारी झालीय. आता केबलच्या वायरीत टाकायचा तो आयसोलेटर (टीव्हीचा सिग्नल जाऊ देतो पण दोन अर्थमधला करंट तोडतो तो) नाशकात कुठे मिळेल का?

अंबड_पॅनलवाला:
मागवावाच लागेल. फक्त बॉक्स केबलचाच आहे ना? डिशचा असेल तर घेऊ नको, छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) वीज त्याच वायरीतून जाते, साधा आयसोलेटर ती अडवतो आणि चॅनेल गायब.

सिडकोचा_सूर:
केबलचाच. मागवतो आजच, तोवर रेकॉर्ड लावताना टीव्हीची वायर काढून ठेवतोय, त्यावरून घरात वेगळीच घुंऽऽ चालू आहे.