इस्तंबूल: शेवटचा दिवस, सासूबाईंचे गुडघे आणि तीन बॅगा

नौपाडेकरीण: नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात इस्तंबूलला चाललोय. आया सोफिया, तोपकापी वगैरे पहिल्या तीन दिवसांत बसवलंय. घोडं अडलंय शेवटच्या दिवशी. सिर्केजीचं हॉटेल 11 ला सोडायचं, विमान रात्री 1:50 चं. नवऱ्याला प्रिन्सेस बेटांवर जायचंय. सासूबाई 72 च्या, दोन्ही गुडघे कुरकुरतात. त्या म्हणतात, "मला कुठेतरी बसवा आणि तुम्ही फिरून या." हे ऐकायला सोपं वाटतं, पण परत आल्यावर वर्षभर ऐकावं लागतं. काय करू?

उंडगा_सांगलीकर: बेटं नकोत, ताई. त्यातल्या ब्युकादाला जायलाच सव्वा-दीड तास, यायला तेवढाच. तिथले घोड्यांचे टांगे 2020 पासून बंद आहेत, विजेच्या गाड्यांसाठी रांग लावावी लागते. शेवटच्या दिवशी मन घड्याळात अडकलेलं असतं, तिथे बोट चुकली तर नवऱ्याशी भांडणार कोण?

आम्ही 'राहिलेलं उरकू' म्हणून ग्रँड बझारला गेलो. वार रविवार. रविवारी तो बंद असतो हे दारात उभं राहिल्यावर कळलं. बायको काहीच बोलली नाही. तेच जास्त लागलं.

मग वैतागून एमिनोनूच्या धक्क्यावर आलो आणि समोर लागलेल्या काडिकॉयच्या बोटीत बसलो. ट्रिपमधलं तेवढंच आज नीट आठवतं. पर्यटकांची क्रूझ नव्हे हं, ऑफिसला जाणाऱ्यांची साधी फेरी. वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात. आत चहा मिळतो, कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यात, बशीत साखरेचे दोन खडे. इंजिन सुरू झालं की चमचा बशीत किणकिणत राहतो. दूध मागू नका. सिमित म्हणजे तीळ लावलेलं पावाचं कडं, ते बाहेरच्या बाकावर बसून खा. अर्धं सीगल नेतात. उतरायच्या आधी डाव्या हाताला हैदरपाशा स्टेशन दिसतं, 1908 च्या सुमाराचं, जर्मनांनी बांधलेलं, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं. सासूबाईंना 'बसवायचं' असेल तर याहून चांगली जागा नाही. वाटलं तर त्याच बोटीने पुन्हा फेरी मारा.

चकलीचा_सोऱ्या: +1. काडिकॉयच्या बाजारात ऑलिव्ह आणि लोणच्यांची दुकानं बघा. लोणच्याचं पाणी पेल्यातून पितात. मी प्यायलो. एकदा पुरे.

विमानतळवाले_काका: बाकी सगळं नंतर. विमान कुठल्या विमानतळावरून? तिथे दोन आहेत. तिकिटावर 'आयएसटी' आहे की 'एसएडब्ल्यू'?

नौपाडेकरीण: काका, आत्ता तिकीट उघडलं. एसएडब्ल्यू!! नवरा मोठ्या नवीन विमानतळाचे मेट्रो-रूट काढून बसला होता.

विमानतळवाले_काका: म्हणजे सबिहा गोक्चेन, आशियाच्या बाजूला. मग बॅगा सिर्केजीत ठेवून परत येऊ नका, बोटीतूनच घेऊन जा. काडिकॉयहून एम4 मेट्रो थेट विमानतळापर्यंत जाते. टॅक्सी केलीत तरी संध्याकाळच्या गर्दीत पूल ओलांडायची भानगड नाही. सामान ठेवायच्या जागेवर 'एमानेत' अशी पाटी असते. आपला 'अनामत' त्याच घरातला. जागा आधी फोनवर शोधून ठेवा, धक्क्यावर उतरून तीन बॅगांसह शोधू नका. काडिकॉयहून 'मोडा' नावाच्या भागात जुनी ट्राम गोल फिरून परत येते, आईंना चालावं लागणार नाही. बोट-मेट्रो-ट्रामचं प्रवासाचं कार्ड एकच पुरे, तिघांसाठी तीनदा टेकवायचं.

उंडगा_सांगलीकर: काका, तुम्ही विचारलं म्हणून. मी तर नुसता चहाच पाजत बसलो होतो.

नौपाडेकरीण (दीड महिन्याने): आलो परत, सुखरूप. बेटं रद्द. सासूबाई पहिल्या फेरीनंतर उतरेनात, म्हणून बॅगा 'अनामत' ठेवून पुन्हा एमिनोनूला जाऊन आलो. चहा त्यांना कडू लागला, तरी तीन प्यायल्या. सीगलने नवऱ्याच्या हातातलं सिमित नेलं, त्याचा व्हिडिओ सगळ्या नात्यागोत्यात फिरतोय. लोणच्याचं पाणी मीही प्यायले. सोऱ्या, आधी नीट सांगायचं होतंत.

कार्डावर थोडे लिरा शिल्लक आहेत. कोणी जाणार असेल तर कळवा, फक्त ठाण्याला येऊन न्यावं लागेल.